बाजार उठल्यावरची मोजदाद

कापसाचं बोंड उकललं की त्याचं कवच वाळून कडक होतं आणि प्रत्येक फाकेचं टोक सुईसारखं उभं राहतं. धुळ्या-जळगावकडे दिवाळीच्या आसपास वेचणीचा जोर असतो, तेव्हा हे टोक बोटात शिरायला एकच जागा शोधतं: नखाची कड. रक्ताचा थेंब येतो न येतो. वेचणारी बाई बोट तोंडात घालते, चोखते आणि पुन्हा पऱ्हाटीत हात घालते. दिवसभर काही वाटत नाही. संध्याकाळी भाकरी थापायला बसल्यावर मात्र तेच बोट ठणकायला लागतं. पिठाचा नुसता स्पर्शही सोसवत नाही.

टोक सकाळी टोचलं, ठणका संध्याकाळी. मधल्या आठ-दहा तासांत नखाच्या कडेला जे घडलं, त्यातला मोठा वाटा प्रोस्टाग्लँडिनांचा, म्हणजे पेशी जागच्या जागी बनवतात त्या निरोप्या रसायनांचा, आहे.

टोचल्याक्षणी झालेली कळ मज्जातंतूची स्वतःची होती, ती लगेच विरली. पण फाटलेल्या पेशींत बाहेरचं कॅल्शियम शिरलं. कॅल्शियम वाढलं की फॉस्फोलिपेज ए-२ नावाचं विकर (एन्झाइम) पेशीच्या आवरणावर येऊन बसतं आणि तिथल्या स्निग्ध रेणूंच्या मधल्या जागेवर अडकवलेलं अराकिडोनिक आम्ल कातरून सोडतं. त्याचंच पुढे प्रोस्टाग्लँडिन होतं. गंमत अशी, की पीजीई-२ हे इथलं मुख्य प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसं दुखवत नाही. ते मज्जातंतूचा उंबरठा खाली आणतं. एरवी ज्या दाबाची दखलही घेतली गेली नसती, तो दाब आता कळ म्हणून मेंदूपर्यंत जातो. शिवाय ते केशवाहिन्यांकडे येणाऱ्या बारीक धमन्या रुंद करतं, बोट लाल आणि गरम होतं, आणि नाडीचा प्रत्येक ठोका सुजलेल्या जागेत जाणवतो. ठणका ठोक्याच्या तालावर येतो तो यामुळे. संध्याकाळच का? कारण हे बनवणाऱ्या विकराचा एक प्रकार, कॉक्स-२, बहुतेक पेशींत आधीपासून तयार नसतो. जखमेचा निरोप पोचल्यावर जनुक वाचायचं, प्रथिन बांधायचं, यात काही तास जातात.

अराकिडोनिक आम्लाला वीस कार्बन आणि चार दुहेरी बंध असतात. शरीर ते लिनोलेइक आम्लापासून बनवतं, आणि लिनोलेइक आम्ल आपल्याला अन्नातूनच मिळवावं लागतं. उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढले तर ते आजारी पडतात, हे बर आडनावाच्या शास्त्रज्ञ दांपत्याने १९२९ साली दाखवलं, ते याच आम्लांमुळे. सरकीच्या तेलात साधारण निम्मा भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. म्हणजे ज्या पऱ्हाटीने बोट टोचलं, तिच्याच सरकीतून ठणक्याचा कच्चा माल येतो. यावरून ‘सरकीचं तेल खाल्लं की सांधे दुखतात’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. कच्चा माल पेशींच्या आवरणात भरपूर पडून असतोच. खोळंबा असतो तो कातरून सोडण्याच्या पायरीवर.

दुसरी गोष्ट, हा माल तयार करून कुठेही साठवला जात नाही. इन्सुलिन पेशीत पुड्या बांधून ठेवलेलं असतं, हुकूम आला की बाहेर पडतं. प्रोस्टाग्लँडिनाची कणगी नसते. लागेल तेव्हा, लागेल तिथे, ताजं करायचं. कॉक्स विकराला एक अरुंद, तेलकट बोगदा असतो. अराकिडोनिक आम्ल त्यात शिरतं, आत त्याला ऑक्सिजनचे दोन रेणू जोडले जातात आणि मधल्या भागात पाच कार्बनांचं कडं तयार होतं. हे पीजीजी-२. त्याच विकराच्या दुसऱ्या भागात त्याचं पीजीएच-२ होतं. हा मधला माल फार नाजूक, शरीराच्या तापमानाला पाण्यात काही मिनिटांतच निम्मा विघटित होतो. तेवढ्या वेळात शेजारी जे विकर असेल ते त्याचं पुढलं रूप ठरवतं. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये थ्रॉम्बॉक्सेन ए-२ बनतं, जे रक्त गोठवायला मदत करतं. रक्तवाहिनीच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन बनतं, ते गोठू देत नाही. गर्भाशयात पीजीएफ-२-अल्फा. एकाच तव्यावरच्या पिठाची कुठे भाकरी, कुठे धिरडं.

कॉक्स स्वतःही फार टिकत नाही. काही शे रेणू तयार केले की आपल्याच रसायनाने निकामी होतं. ॲस्पिरिन हे काम आधीच उरकतं: बोगद्यातल्या सेरीन नावाच्या अमिनो आम्लावर एक ॲसिटिल गट कायमचा चिकटवून वाट बंद करतं. इतर पेशी नवं विकर बनवतात, पण प्लेटलेटला केंद्रकच नाही. तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती पुन्हा थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. म्हणून हृदयरोग्याला रोज ७५ मिलिग्रॅम पुरतं. याच बोगद्यात आयबुप्रोफेन तात्पुरतं जाऊन बसतं. ते आधी घेतलं तर ॲस्पिरिनला आत जायला जागाच उरत नाही. आयबुप्रोफेन निघून जातं, ॲस्पिरिनही तोवर रक्तातून संपलेलं असतं, आणि प्लेटलेट मोकळ्या. अधूनमधून आयबुप्रोफेन लागतच असेल तर साधं ॲस्पिरिन आधी घेऊन किमान अर्धा तास थांबावं, किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर आठ तासांनी ॲस्पिरिन घ्यावं.

खानदेशात मात्र यापेक्षा जास्त काळजी उन्हाळ्याची करायला हवी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड डोक्या-खांद्यावर वाहणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं. पाणी कमी पडलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवतं, आणि त्या आवळण्यात मूत्रपिंडाकडे जाणारी धमनीही सापडते. तिथे पीजीई-२ आणि प्रोस्टासायक्लिन तिला उघडी धरतात. पोटभर पाणी प्यायलेल्या माणसाला मूत्रपिंडातल्या या प्रोस्टाग्लँडिनांची फारशी गरज नसते. सुकलेल्याला तीच वाचवतात. अशा वेळी कंबर धरली म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळीही कॉक्सच थांबवते, म्हणजे हा टेकू काढून घेते. लघवी कमी होते, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा पदार्थ, रक्तात चढतं. त्यात त्या माणसाला रक्तदाबाची, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गटातली आणि लघवी वाढवणारी अशा गोळ्या चालू असतील, तर तिन्ही बाजूंनी मार बसतो. आधी मीठ-साखरेचं पाणी, सावली, विश्रांती. उलट्या-जुलाब चालू असताना किंवा घाम गाळून तोंडाला कोरड पडलेली असताना ही गोळी नकोच.

आता विल्हेवाटीकडे वळू. माझ्या मते या विषयाचा सगळ्यात देखणा भाग हाच.

थ्रॉम्बॉक्सेन ए-२ पाण्यात अर्ध्या मिनिटात निम्मं होतं, प्रोस्टासायक्लिन तीनेक मिनिटांत. त्यांना मारायला कुणी लागत नाही. पीजीई-२ आणि पीजीएफ-२-अल्फा रासायनिकदृष्ट्या बरेच टिकाऊ असतात, त्यांना पकडून मोडावं लागतं, आणि ते काम मुख्यतः फुप्फुसात होतं. फरेरा आणि जॉन वेन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवलं, की फुप्फुसातून एकदा जाताना यातलं ९० टक्क्यांहून अधिक नाहीसं होतं. आधी एक वाहक प्रथिन रेणूला पेशीच्या आत ओढून घेतं. आत १५-हायड्रॉक्सी-प्रोस्टाग्लँडिन-डिहायड्रोजिनेज हे लांबलचक नावाचं विकर पंधराव्या कार्बनवरच्या गटाचा हायड्रोजन काढतं, दुसरं विकर शेजारचा दुहेरी बंध मोडतं. झाला रेणू निष्प्रभ. सगळं शिरेचं रक्त फुप्फुसातून गेल्याशिवाय धमनीत येत नाही, त्यामुळे बोटातलं पीजीई-२ फिरून दुसऱ्या बोटाला त्रास देऊ शकत नाही. या जकातनाक्यामुळेच प्रोस्टाग्लँडिन जिथल्या तिथे राहतं.

नाका बंद असेल तर? पोटातल्या बाळाचा असतोच. त्याच्या फुप्फुसातून अगदी थोडं रक्त वाहतं. हृदयाच्या उजव्या बाजूतून निघालेलं बाकीचं रक्त डक्टस आर्टेरिओसस नावाच्या आडवाटेने थेट महाधमनीत जातं. ही वाट उघडी ठेवतं ते पीजीई-२. त्याचा मोठा पुरवठा वारेकडून, आणि मोडणारं फुप्फुस जवळजवळ बंद. बाळ जन्मलं, रडलं, फुप्फुसं उघडली, वार सुटली. पुरवठा तुटला आणि नाकाही सुरू झाला, दोन्ही एकदम. रक्तातला ऑक्सिजन वाढला, त्याचीही भर. दोन-तीन दिवसांत आडवाट मिटते. गरोदर बाईला २० आठवड्यांनंतर कॉक्स थांबवणारी ही वेदनाशामकं टाळायला सांगतात, त्यातलं एक कारण हे: पोटातच वाट मिटायला नको. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं, हे दुसरं.

काही बाळांचं हृदयच असं घडलेलं असतं, की ही आडवाट मिटली तर ती जगत नाहीत. त्यांना पीजीई-१, म्हणजे अल्प्रोस्टॅडिल, शिरेतून देतात. सुरुवात मिनिटाला किलोमागे ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने. तीन किलोच्या बाळाला ०.०५ ने धरलं तर तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमची एक कुपी हिशेबाने दोन दिवसांहून जास्त पुरावी. पण डोस एकदाच देऊन भागत नाही, कारण फुप्फुस ते सतत मोडत असतं. धार तुटली की परिणाम तुटला. अक्कलकुव्यासारख्या दुर्गम ठिकाणाहून असं बाळ मोठ्या शहरात न्यायचं तर सिरिंज पंपाची बॅटरी, दुसरी चालू शीर आणि श्वास देण्याची पिशवी हाताशी हवीच. या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, विशेषतः दोन किलोंखालच्या बाळाचा, आणि बहुधा पहिल्याच तासात.

मोडणाऱ्या विकराचं जनुकच जन्मतः बिघडलेलं असू शकतं, हे २००८ मध्ये कळलं. अशा माणसांच्या लघवीत पीजीई-२ खूप असतं आणि बोटांची टोकं ढोलाच्या टिपरीसारखी फुगतात.

फुप्फुसाच्या नाक्याला चुकवायची युक्ती पाहायची तर गोठ्यात जायला हवं. “डॉक्टर, म्हैस माजावरच येत नाही हो,” ही तक्रार उन्हाळ्यात जास्त, कारण म्हशीचा माज तेव्हा बराचसा मुका असतो. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. अंडं सुटल्यावर अंडाशयात पिवळा पिंड तयार होतो आणि तो असेपर्यंत पुढचा माज येत नाही. गाभण राहिली नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशय पीजीएफ-२-अल्फा सोडून तो पिंड मोडतं. आता अडचण बघा. गर्भाशयातून निघालेलं रक्त शिरेने हृदयात, तिथून फुप्फुसात. तिथे मोठा भाग गेला. मग अंडाशयाला काय मिळणार? निसर्गाने केलेली सोय अशी: अंडाशयाची धमनी वेटोळी घालत गर्भाशयाच्या शिरेला बिलगून जाते. शिरेतलं पीजीएफ भिंतींतून झिरपून सरळ शेजारच्या धमनीत उतरतं आणि नाका न ओलांडता अंडाशयात पोचतं. भरल्या पाटाच्या बांधातून शेजारच्या पाटात पाणी पाझरावं, तसं. म्हणून गाय-मेंढीत गर्भाशयाचं ज्या बाजूचं शिंग (फाटा) काढून टाकावं, त्याच बाजूचा पिंड मोडायचा राहतो.

इंजेक्शन देताना ही सोय कामाला येत नाही, कारण औषध मांसात देतो. म्हणून नैसर्गिक पीजीएफ, म्हणजे डायनोप्रोस्ट, गाई-म्हशीला २५ मिलिग्रॅम लागतं. क्लोप्रोस्टेनॉल हे बदललेलं रूप ५०० मायक्रोग्रॅममध्ये भागतं, पन्नासपट कमी. त्याच्या शेपटीला असं कडं जोडलंय, की पंधराव्या कार्बनवरचं ते विकर त्याला धरू शकत नाही. शिवाय पिंडावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) ते जास्त घट्ट बसतं. इंजेक्शन वाया जाण्याचं नेहमीचं कारण वेळ. माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत पिंड कोवळा असतो, औषधाला जुमानत नाही. पिंडच नसेल तर मोडणार काय? आणि गाभण जनावराला दिलं तर गर्भपात. म्हणून आधी हात घालून तपासणं आलंच. द्यायचं असेल तर दोन ते पाच दिवसांत माजाची वाट पाहायची. हे औषध कातडीतून आत जातं, त्यामुळे गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने सिरिंजला हातही लावू नये.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मात्र हिशेब उलटा. घोडीत शीर-धमनीची ती बिलगलेली जोडी तशी नसते, पीजीएफ सगळ्या रक्तातून फिरूनच अंडाशयात जातं. तरी काम होतं, कारण घोडी ते सावकाश मोडते आणि तिचा पिंड हळवा असतो. गाईला पाच मिली, तर घोडीला एकच मिली, म्हणजे पाच मिलिग्रॅम. तेवढ्यानेही घोडी घामाघूम होते आणि पोट दुखल्यासारखं करते.

आता मोजण्याचं काय? जे जिथल्या तिथे बनतं आणि एका फेरीत संपतं, ते दंडाच्या शिरेत सापडणार कसं? शिवाय सुई हीही एक टोचणीच. सुई शिरली की शीर दुखावते, प्लेटलेट चिडतात आणि नळीत थ्रॉम्बॉक्सेन बनायला लागतं. रक्तात खरोखर फिरणारं त्याचं अवशेष-रूप, थ्रॉम्बॉक्सेन बी-२, मिलिलिटरमागे एक-दोन पिकोग्रॅम असतं. तेच रक्त साध्या काचेच्या नळीत ३७ अंशांवर तासभर गोठू दिलं तर दोनशे-तीनशे नॅनोग्रॅम मिळतं. लाखपटीचा फरक, आणि तो सगळा नळीत घडलेला. या दोषाचाच गुण करून घेतलेली तपासणी आहे: ॲस्पिरिन लागू पडतंय का, हे याच पद्धतीने पाहतात. लागू असेल तर ९५ टक्क्यांहून जास्त घट दिसते. अट एकच, तापमान आणि वेळ काटेकोर पाळायची. मे महिन्यात जळगावच्या बिनकूलरच्या खोलीत टेबलावर विसरलेली नळी आपोआपच पाणकुंडात ठेवल्यासारखी होते. डिसेंबरात धुळ्याच्या पहाटे तीच नळी अर्धवट काम करते. माणूस तोच, आकडा वेगळा.

ज्याला खरं फिरणारं मोजायचं आहे, त्याने दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडावा, पहिले दोन-तीन मिली रक्त टाकून द्यावं आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत आधीच इंडोमेथासिन घालून ठेवावं, अंतिम प्रमाण साधारण १० मायक्रोमोलर, म्हणजे नळीतलं कॉक्स तिथेच थांबतं. नळी लगेच बर्फात, अर्ध्या तासाच्या आत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, वरचा द्रव काढताना खालच्या पांढऱ्या पेशींच्या थराला पिपेट लागू न देणं आणि थेट उणे ८०. इतकं करूनही थ्रॉम्बॉक्सेनच्या आकड्यावर विश्वास ठेवायला माझं मन धजत नाही.

त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे अवशेष मोजणं. आठवडे बाजार किती मोठा भरला होता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरच्या कांद्याच्या पाती आणि केळीच्या सालांवरून कळतं, आणि तपासायला येणारा माणूस त्या कचऱ्यात भर घालत नाही. फुप्फुसात मोडलेलं रूप नळीत बनत नाही, कारण ते मोडणारं विकर रक्तात जवळजवळ नसतंच. जनावरात म्हणून पीजीएफ न मोजता त्याचं मोडकं रूप, पीजीएफएम, मोजतात. मूळ पीजीएफ रक्तात मिनिटभरही टिकत नाही, हे सात-आठ मिनिटं टिकतं. तरीही एक नमुना पुरत नाही. गर्भाशय ते लाटांनी सोडतं, दोन लाटांमध्ये काही तास शांत. तासातासाला रक्त घेतलं तरच लाट सापडते.

माणसात लघवी सोयीची. पीजीई-२ ची शेपटी झिजत झिजत वीस कार्बनांचे सोळा होतात आणि ते रूप लघवीत उतरतं. थ्रॉम्बॉक्सेनचं ११-डिहायड्रो रूपही. आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात सांगायचा, नाहीतर उन्हाळ्यातली गडद लघवी सगळंच वाढलेलं दाखवते. लघवीतलं न मोडलेलं पीजीई-२ मोजणं वेगळं, ते मूत्रपिंडातच बनलेलं असतं. पुरुषाच्या नमुन्यात मात्र वीर्याचा अंश मिसळला की तो आकडा फुकट. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन इतकं असतं, की १९३५ मध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी ते तिथेच ओळखलं आणि प्रोस्टेट ग्रंथीचं नाव देऊन टाकलं. प्रत्यक्षात ते शेजारच्या वीर्यकोशांतून येतं. चुकीचं नाव तसंच राहिलं. पुढे या रसायनांवर काम करणाऱ्या बर्गस्ट्रॉम, सॅम्युअलसन आणि वेन यांना १९८२ चं नोबेलही त्याच नावावर मिळालं.

प्रतिपिंडांच्या मदतीने मोजणाऱ्या एलायझा तपासणीच्या थाळीत रंग उलटा वाचायचा असतो. नमुन्यातलं आणि खूण लावलेलं प्रोस्टाग्लँडिन एकाच प्रतिपिंडासाठी भांडतात, त्यामुळे नमुन्यात जास्त असेल तर खाचा फिकट. प्रतिपिंड भावंडांत फरक करतोच असं नाही, म्हणून नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून बघावा. गुणाकार करून तीच किंमत आली तर ठीक, दर वेळी बदलत गेली तर दुसरंच काहीतरी रंग खातंय. वस्तुमानमापीवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) पीजीई-२ चा ३५१ वस्तुमानाचा आयन फुटून २७१ चा तुकडा देतो. पीजीडी-२ हे त्याचं भावंडही अगदी तेच करतं. दोघं वेगळे होतात ते फक्त आधीच्या, रेणू निवडणाऱ्या स्तंभात (कॉलममध्ये), बाहेर पडायच्या वेळेने. घाईत धाव छोटी केली तर दोन शिखरं एक होऊन बसतात. नमुन्यातून प्रोस्टाग्लँडिन वेगळं काढण्यासाठी आम्ल घालून पीएच साडेतीनच्या आसपास आणतात, पण तशा आम्लात नमुना रेंगाळला तर पीजीई-२ पाणी गमावून पीजीए-२ होतं. चार ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं पीजीई-२ अगदी सुरुवातीलाच ठरावीक मापाने घातलेलं असेल तर तेही तितकंच बिघडतं, आणि हिशेब जुळतो. शेवटी घातलं तर ते बिघाड झाकतं.

आणि नमुना घेण्याआधी विचारायचा प्रश्न. “काही औषध चालू आहे का, ताई?” “नाही हो, औषध काहीच नाही.” अहवालात थ्रॉम्बॉक्सेन तळाला गेलेलं. पुन्हा विचारलं की मग आठवतं: “ती डोक्याची गोळी तेवढी घेतली होती, परवा रात्री. पण ती काय औषधात धरायची?”